कोपऱ्यातला माणूस

कबड्डीच्या सामन्यात प्रेक्षकांचे डोळे चढाई करणाऱ्यावर खिळलेले असतात, आणि त्यात त्यांचा काही दोष आहे असे आम्हांस वाटत नाही. समोर सात जण उभे आहेत, आणि एकटा माणूस तोंडाने अखंड घोष करीत त्यांच्या अंगावर चालून जात आहे, हे दृश्यच असे आहे की अभिमन्यूच्या कथेवर पोसलेल्या आपल्या समाजाने त्या एकट्याकडेच पाहावे. चक्रव्यूहाच्या दाराशी त्या दिवशी जयद्रथाने चार पांडवांना अडवून धरले, हेही काम वस्तुतः कमी कष्टाचे नव्हते. पण त्याचे नाव कोणी आपल्या मुलाला ठेवीत नाही. अडविणाराच्या वाट्याला कीर्ती बेताचीच येते.

आम्हांला मात्र लहानपणापासून या खेळात कोपऱ्यात उभ्या राहणाऱ्या माणसाचे कुतूहल वाटत आले आहे. सात जणांच्या अर्धवर्तुळाच्या दोन टोकांना, अंतिम रेषेच्या जवळ, दोन गडी उभे असतात. वृत्तपत्रांची मराठी त्यांना ‘कोपरारक्षक’ म्हणते. आमचे एक गोमंतकीय स्नेही आहेत. त्यांचा जीव फुटबॉलवर. एकदा आमच्याबरोबर कबड्डी पाहताना डाव्या कोपऱ्याकडे बोट दाखवून ते म्हणाले, “तो कितें करता? फकत उबो रावता मरे!” तो काय करतो, नुसता उभा तर राहतो! त्यांच्या या प्रश्नाला त्या वेळी आम्ही दिलेले उत्तर त्यांना पटले नाही, आणि म्हणून हा लेख लिहावयास घेतला आहे.

आमचा व्यवसाय वकिलीचा, आणि कचेरी हैदराबादेतील बेगम बाजारात. निजाम अली खानांच्या हमदा बेगमेने व्यापाऱ्यांना ही जागा दिली म्हणून हे नाव पडले असे सांगतात. आज येथे तांब्यापितळेची भांडी, सुका मेवा, मसाले, किराणा यांचा घाऊक व्यापार चालतो. मारवाडी, तेलुगू, उर्दू आणि मराठी या चार भाषांत भाव होतात आणि पाचव्या, म्हणजे हातवाऱ्यांच्या भाषेत ते पक्के होतात. अशा बाजारात वकिलाकडे येणारे दावे बहुधा जागेचे असतात. आणि योगायोग असा की, आमच्याकडे वादीपेक्षा प्रतिवादीच अधिक आले. ज्याला दुसऱ्याकडून काही मिळवायचे आहे तो मोठ्या नावाच्या वकिलाकडे जातो. ज्याला असलेले राखायचे आहे तो आमच्यासारख्याकडे येतो.

एका भांडीवाल्याच्या दुकानाच्या ताब्याचा दावा आम्ही अकरा वर्षे लढविला. शेवटी वाद खर्चासह फेटाळला गेला. पेढे राहोत, पण फीचा शेवटचा हप्ता मागितला तेव्हा शेठजी शांतपणे म्हणाले, “वकीलसाहेब, दुकान तर पहिल्यापासून आमचेच होते. तुम्ही नवीन काय मिळवून दिलेत?” या प्रश्नाला कायद्यात उत्तर नाही. त्या दिवसापासून कोपऱ्यातल्या माणसाविषयीचे आमचे कुतूहल आपुलकीत बदलले.

तो नक्की करतो काय, हे थोडे सविस्तर सांगितले पाहिजे. चढाईला ३० सेकंदांचा अवधी. चढाई करणाऱ्याने निदान रेषा ओलांडली पाहिजे, आणि समोर सहा किंवा सात गडी असतील तर त्यापलीकडच्या बोनस रेषेचे आमिष त्याला असते. त्या रेषेपलीकडे एक पाय टाकून दुसरा हवेत ठेवला की गुण मिळतो. कोपरारक्षकाची नजर त्या पायावर असते. पाय लांबला, शरीराचा भार क्षणभर एका टाचेवर आला, की त्याने झेप घेऊन घोटा धरावयाचा. तोपर्यंत मध्यरक्षक धडक मारून त्याला बाहेर ढकलतो किंवा बाकीची साखळी येऊन पडते. वाचणाऱ्याला हे सोपे वाटेल. परंतु घोटा धरणाऱ्याच्या खांद्यावर, मानेवर, क्वचित तोंडावर समोरच्याचा सगळा भार आणि सगळा वेग येतो. झेप अर्ध्या क्षणाने लवकर घेतली तर हातात हवा येते. चढाई करणारा गुण घेऊन जातो आणि कोपरारक्षक बाद होऊन बाहेर बसतो. पकड साधली तर मिळतो १ गुण. मैदानात तीन किंवा त्याहून कमी गडी उरले असता साधली तर २. तिला ‘अव्वल पकड’ म्हणतात. उलट चढाई करणारा एका फेरीत तीन-चार गडी टिपून तितके गुण नेऊ शकतो.

पण आमच्या मते खरे काम याहून निराळे आहे आणि ते गुणपत्रिकेत येतच नाही. कोपरारक्षक झेप घेत नाही तेव्हा काय होते ते पाहावे. तो गुडघ्यात किंचित वाकून, एक पाऊल पुढे, एक पाऊल मागे करीत राहतो. चढाई करणारा त्याच्या बाजूस येऊन पाहतो, पाय टाकण्याचा विचार करतो, आणि सोडून देतो. तीस सेकंद संपतात, तो रिकाम्या हाताने परत जातो. अशा दोन चढाया लागोपाठ फुकट गेल्या की तिसऱ्या चढाईत त्याला गुण घेणे भाग पडते, नाहीतर तो बाद होतो. त्याला त्या कोंडीत कोणी आणले? कोपऱ्यात उभे राहून ज्याने काहीच केले नाही, त्याने. आमच्या व्यवसायात याला तारीख घेणे म्हणतात आणि लोक त्याबद्दल शिव्या देतात. दोन्हींत फरक आहे हे आम्ही मान्य करतो. पण वाटते तेवढा नाही.

हा खेळ आपल्या लोकांना नवा नाही. महाराष्ट्रात तो हुतूतू, इकडे तेलंगणात चेडुगुडु. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी त्याचे प्रात्यक्षिक जगाला दाखविले. १९९० साली बीजिंगच्या आशियाई क्रीडास्पर्धांत तो दाखल झाला. तथापि कबड्डी खेळून पोट भरता येते, ही कल्पना मात्र अलीकडची. पूर्वी चांगल्या खेळाडूला रेल्वेत, बँकेत, पोलिसांत किंवा एखाद्या मोठ्या कंपनीत नोकरी मिळे आणि तो नोकरी सांभाळून खेळे. २०१४ साली प्रो कबड्डी लीग सुरू झाली तेव्हापासून खेळाडूंचे लिलाव होऊ लागले. ‘लिलाव’ हा शब्द आमच्या कचेरीत ऐकू आला की समोरच्या माणसाचा चेहरा उतरतो. येथे तो ऐकून घरोघर पेढे वाटतात.

या व्यावसायिक जगात ज्याने कोपरा हेच आपले घर मानले असा आमच्या पाहण्यातील मराठी खेळाडू म्हणजे गिरीश इरनाक. डावा कोपरारक्षक. त्याची कारकीर्द कागदावर मांडली तर ती गावांच्या यादीसारखी दिसते: पाटणा, बंगाल, पुणे, गुजरात, पुन्हा बंगाल, मुंबई. बंगालच्या संघात एके काळी त्याच्या समोरच्या कोपऱ्यात महाराष्ट्राचाच नीलेश शिंदे असे, आणि दोन मराठी माणसांनी बंगालचे दोन्ही दरवाजे धरलेले पाहून आम्हांस मोठी मौज वाटे. चढाई करणाऱ्यांची नावे संघाच्या जाहिरातींवर झळकतात, त्यांच्या भोवती संघ बांधला जातो. कोपरारक्षकाला जेथे भिंत पडली असेल तेथे जाऊन उभे राहावे लागते. इरनाक हंगामामागून हंगाम असा उभा राहिला. त्याची पकड पाहताना आम्हांस नेहमी वाटे की हा माणूस समोरच्याला पाडायला आलेला नाही, थांबवायला आलेला आहे. पाडणे हा केवळ त्याचा परिणाम.

२०१८ साली जकार्ताच्या आशियाई स्पर्धेसाठी भारताच्या बारा जणांत त्याची निवड झाली. १९९० पासून पुरुषांचे एकही सुवर्णपदक भारताने गमावले नव्हते; सात स्पर्धा, सात सुवर्णे. त्या वर्षी उपांत्य सामन्यात इराणने भारताला २७-१८ असे हरविले आणि कांस्यपदक घेऊन संघ परत आला. खेळाडूच्या आयुष्यात देशाकडून खेळण्याची संधी यावी आणि ती नेमकी परंपरा तुटण्याच्या वर्षी यावी, यास दैव म्हणावे की काय कोण जाणे. दुसऱ्या बाजूचा न्याय असा की, त्या इराणी संघातही डाव्या कोपऱ्यात उभा राहणारा एक जबरदस्त गडी होता: फजल अत्राचली. तो आमच्याकडच्यांना परका नव्हे. मुंबईच्या संघातून तो २०१५ साली लीग जिंकला होता, पुढल्या वर्षी पाटण्याकडून. पुढे मुंबईचे आणि पुण्याचे नेतृत्वही त्याने केले. लीगच्या इतिहासात पकडींचे सर्वाधिक गुण त्याच्या नावावर आहेत.

२०१८ च्या लिलावात मुंबईच्या संघाने याच फजलला १ कोटी रुपयांना घेतले. लीगमधील पहिला कोटीचा मानकरी हा बचाव करणारा होता, ही गोष्ट आम्ही आमच्या त्या गोमंतकीय स्नेह्यांना मुद्दाम फोन करून सांगितली. पण आमचा आनंद फार टिकला नाही; त्याच लिलावात मोनू गोयत या चढाई करणाऱ्याला १ कोटी ५१ लाख मिळाले. दुसऱ्या वर्षी आमच्या हैदराबादच्या तेलुगू टायटन्सने कोल्हापूरकडच्या सिद्धार्थ देसाईला १ कोटी ४५ लाखांना घेतले, तोही चढाईसाठी. बाजाराचा नियम बाजारात राहणाऱ्याला शिकवायला नको. दिसते त्याला दाम मिळतो.

हे केवळ आपल्याकडेच आहे असे नव्हे. कॅनडा-अमेरिकेत बर्फावर हॉकी खेळतात. अंगाशी अंग भिडविण्याचा, भिंतीवर आपटण्याचा तो खेळ. तेथे रॉड लँगवे नावाचा एक बचावपटू होता. १९८२ साली तो वॉशिंग्टनच्या संघात आला आणि त्याच हंगामात तो संघ प्रथमच बाद फेरीत पोचला. त्या संपूर्ण हंगामात लँगवेचे स्वतःचे गोल किती? तीन. तरीही १९८३ साली आणि पुन्हा १९८४ साली सर्वोत्तम बचावपटूचा नॉरिस करंडक त्यालाच देण्यात आला. ज्या खेळात बचावपटूचेही मोल बहुधा त्याच्या गोलांवरून करतात, तेथे परीक्षकांनी न झालेले गोल मोजले, याबद्दल त्या परीक्षकांना आमचा दुरून नमस्कार आहे.

आणि फार लांब तरी कशाला जावे? १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये नेव्हिल डिसोझाने ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल केले. गोव्याकडच्या कोणालाही विचारा, ते त्याला ठाऊक असते. आमच्या स्नेह्यांना तर प्रत्येक गोल काल पाहिल्यासारखा सांगता येतो. त्या संघाचे प्रशिक्षक हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम. आणि त्याच संघात बचावाला हैदराबाद पोलिसांचा अझीझुद्दीन होता. १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे रोव्हर्स करंडक हैदराबादेत आणणाऱ्या पोलिस संघाचा हा गडी. ही माहिती आम्ही दिली तेव्हा आमचे स्नेही जरा वेळ गप्प झाले.

१ मार्च २०२४ रोजी लीगचा अंतिम सामना आमच्याच शहरात, गच्चीबावलीच्या बंदिस्त क्रीडागारात झाला. पुणे आणि हरयाणा. शहराच्या त्या टोकाला आम्ही सहसा जात नाही; पण पुण्याचा संघ, कर्णधार अस्लम इनामदार, म्हणून गेलो. आमच्याबरोबर एक मुलगा होता. बेगम बाजारात सुक्या मेव्याच्या वखारीवर हमाली करणाऱ्या एका मराठी गृहस्थाचा हा मुलगा. घराणे मूळचे नांदेडकडचे. बाप बंडीवर पोती रचतो, आणि जिथे गल्लीत बंडी शिरत नाही तिथे पोते उजव्या खांद्यावर घेतो. मुलगा शाळेपासून कबड्डी खेळतो, उजवा कोपरा. पहिल्या डावात पंकज मोहितेने एकाच चढाईत ४ गडी टिपले तेव्हा सारे क्रीडागार उठून उभे राहिले. आम्हीही उठलो. मुलगा बसूनच होता. त्याचे लक्ष हरयाणाच्या उरलेल्या गड्यांकडे होते. “काका, आता बघा, कोपरा घाई करणार,” एवढेच तो म्हणाला. पुण्याने सामना २८-२५ असा जिंकला आणि पहिले विजेतेपद मिळविले. परतीच्या वाटेवर तो चढायांविषयी एक शब्द बोलला नाही. समोरच्याने कितीदा पाय टाकण्याचा विचार करून तो सोडून दिला, हे मात्र त्याने बोटांवर मोजून सांगितले. असा मोजणारा माणूस आम्हांस प्रथमच भेटत होता.

त्याच्या काही महिने आधी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेतील अंतिम सामन्यात, ७ ऑक्टोबर २०२३ रोजी, भारत आणि इराण २८-२८ असे बरोबरीत असताना पवन सेहरावत कोणाला न शिवता राखीव पट्ट्यात गेला आणि इराणचे बचावपटू त्याच्यामागे गेले. कोण बाद? जुना नियम एक सांगे, नवा दुसरे. जवळजवळ तासभर खेळ थांबला. भारताने सामना ३३-२९ असा जिंकला. आमच्या वकीलमित्रांत त्यावर पुष्कळ खल झाला. आम्हांला त्यातून एवढेच दिसले की, बचाव करणाऱ्याचे शरीर सवयीने धावते, आणि ती सवय ज्या नियमावर बसली आहे तो नियम कोणीतरी दूरच्या खोलीत बदलीत असतो. याच पवनला २०२२ साली हंगामाच्या पहिल्याच सामन्यात गुडघ्याची दुखापत होऊन सारा हंगाम मुकावे लागले होते. ती दुखापत चढाई करताना झाली नव्हती, समोरच्याला पकडताना झाली होती. पकडीची किंमत काय असते हे चढाई करणाऱ्यांच्या राजालाही त्या दिवशी कळले असेल.

आता त्या मुलाविषयी. त्याचा उजवा खांदा एकदा निखळून बसला आहे. एका खाजगी शिबिरात सरावाच्या वेळी ते घडले. शिबिरवाल्यांनी रिक्षा करून दिली आणि पुढे चौकशी केली नाही. चार महिने मुलगा घरी होता, औषधपाणी बापाने केले. आता त्याला एका संघाच्या तरुण खेळाडूंच्या तुकडीत घ्यावयाचे म्हणून एक कागद आला आहे. तीन वर्षांचा करार, दरमहा मानधन, राहणे-जेवणे त्यांचे. बापाने आयुष्यात एवढे आकडे एका ठिकाणी पाहिले नव्हते. तो कागद पिशवीत घालून आमच्याकडे आला.

“वकीलसाहेब, सही कुठं करायची तेवढं दाखवा.”

आम्ही कागद वाचला. नवव्या कलमात असे होते की, दुखापतीमुळे खेळाडू खेळण्यास असमर्थ ठरल्यास करार त्याच दिवशी संपुष्टात येईल आणि संघावर कोणतीही जबाबदारी राहणार नाही. दुसरी गोष्ट, मुलाचे वय सतरा. कायद्याच्या मराठीत अठरा वर्षांखालच्या माणसास ‘अज्ञान’ म्हणतात. हा शब्द पहिल्याने ऐकला तेव्हा त्या मुलाने आमच्याकडे असे काही पाहिले की आम्हांलाच संकोच वाटला. अज्ञानाने केलेला करार मुळातच निरर्थक, असे प्रिव्ही कौन्सिलने १९०३ साली मोहोरी बीबीच्या दाव्यात ठरविले आहे. बापाने सही केली तर? त्यालाही उत्तर आहे. रामाच्या भूमिकेसाठी घरोघर ठाऊक असलेले नट प्रेम अदीब चित्रपटनिर्मितीही करीत. राजराणी नावाच्या एका अज्ञान मुलीला काम देण्याचा त्यांनी तिच्या वडिलांशी करार केला. पुढे काम मिळाले नाही म्हणून मुलीने दावा केला, आणि १९४९ साली मुंबई उच्च न्यायालयाने सांगितले की हा करार मुलीला अंमलात आणता येणार नाही.

बापाला हे समजावून देणे सोपे नव्हते. लोक समजतात की अज्ञानाचा करार निरर्थक, म्हणजे मुलगा सुटला. ती समजूत अपुरी आहे. मुलगा दोन वर्षे खेळेल, खांदा पुन्हा निखळेल, आणि त्या कागदावर तो एक रुपयाही मागू शकणार नाही, कारण कागदच नाही.

“म्हणजे सही केली तरी नाही, अन् नाही केली तरी नाही?” बाप म्हणाला.

“अठरा पुरे होऊ द्या. मग त्याची स्वतःची सही. आणि त्याआधी हे नववे कलम बदलून घेऊ.”

“तोवर ते लोक थांबतील का?”

याचे उत्तर आमच्याकडे नव्हते. दुसरा कोपरा धरणारी मुले पुष्कळ आहेत, हे त्यालाही ठाऊक होते आणि आम्हांलाही. बापाने उजवा खांदा हाताने दाबला. ती त्याची सवयच आहे. मग त्याने मुलाला विचारले, “एक माणूस धरला की किती गुण?”

“एक.”

“एवढ्या मोठ्या गड्याचा एकच?” बाप म्हणाला. “आमच्याकडं पोत्याला वजन तरी बघतात.”

मुलगा हसला, त्याच्या हसण्यात थोडा अभिमानही असावा. तो म्हणाला, “काका, थांबूया. मला थांबायची सवय हाय.”

आम्ही समोरच्यांना पत्र लिहिले. दुखापत सरावात किंवा सामन्यात झाली असल्यास उपचाराचा सर्व खर्च संघाने करावा, मानधन किमान सहा महिने चालू ठेवावे, आणि खेळण्यास समर्थ की असमर्थ हे संघाच्या डॉक्टरने एकट्याने ठरवू नये, अशा तीन सूचना केल्या. पहिली त्यांनी मान्य केली. दुसरीत सहाचे तीन महिने केले. तिसरीवर अद्याप उत्तर नाही. मुलगा रोज पहाटे सरावाला जातो आणि परत येताना आमच्या कचेरीवरून जातो. आत येत नाही, दारातून नुसता पाहतो, आणि आम्ही मान हलवली की पुढे जातो. त्याला अठरा पुरे व्हायला आज एकवीस दिवस आहेत.